पाणी आम्ही घालू

जानेवारी १९७४. संक्रांतीनंतरचा शुक्रवार. मी कामाला जायची त्या लूमला, म्हणजे यंत्रमागाला, शुक्रवारची सुट्टी होती आणि मी चावडीच्या पटांगणात तांदूळ निवडत बसले होते.

गावाचं सहभोजन होतं. तालुक्याचे साहेब येणार, सगळ्या जाती एका पंगतीत बसणार. आदल्या दिवशी सरपंच स्वतः आमच्या बौद्धवाडीत येऊन सांगून गेले, "जेवायला या. बायांना कामालाही पाठवा. आता आपण एक."

आम्ही चौघीपाचजणी गेलो. पाखडलं, खडे काढले. सरपंचांची बायको शेजारीच वांगी चिरत होती. बोलत होती, हसत होती. मला बरं वाटत होतं.

निवडून झालं. धुवायला म्हणून मी तांदळाची परात पिंपाशी नेली. तांब्या बुडवणार, तोच तिनं तो काढून घेतला. माझ्या बोटांना न लागता.

"राहू दे गो बाय. पाणी आम्ही घालू."

आवाज गोड होता. मला कळेना. सकाळपासून याच तांदळात माझे हात होते. आमच्यातली म्हातारी सखूआत्या पदराआडून म्हणाली, "अगो, तांदलाला जात न्हाय. पान्याला हाय."

बाकीच्या हसल्या. मी नाही. कोरडं चालतं, ओलं चालत नाही. निवडायला आम्ही, शिजवायला त्या.

दुपारी पंगत बसली. एकच, लांबलचक. साहेब बोलले, अन्नानं माणसं जोडली जातात. पत्रावळीवर भात, वरण, वांग्याची भाजी. भूक कडकडून लागली होती. घास उचलला आणि हात थांबला. आम्ही गावाचं खातच आलो होतो. उरलेलं, वरून टाकलेलं. आज मांडी घालून, एवढाच फरक. आमच्या हातचं कोण खाणार?

मी उठले.

सरपंच म्हणाले, "अन्नावरून उठू नये बाई."

"अन्नाला नाव ठेवत न्हाय मी. आमच्या हातचं पाणी या भाताला का चाललं न्हाय, तेवढं साहेबांना सांगा."

साहेबांनी वरण मागितलं.

घरी नवरा तडकला. "इतक्या वर्षांनी पंगतीत बसवलं, आन तू उठलीस. आता कोन बोलवतंय?"

"नको बोलवू दे. आपन बोलवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ड्युटीवर जायच्या आधी, सरपंचांच्या ओट्यासमोर उभी राहिले. ते चहा पीत होते.

"पुढच्या शुक्रवारी जेवण आमच्या वाडीत. विहीर आमची, चूल आमची. तुम्ही जेवलात तर आम्ही तुमच्या पंगतीला येऊ. न्हायतर वाडीतलं एक माणूस यायचं न्हाय."

"बघू," ते म्हणाले.

"बघू नका. घरातून किती जण येणार ते सांगा."

ते बशीत फुंकत राहिले. मी वळले आणि पाटलांच्या घरापासून एकेक दार घेत निघाले. प्रत्येक दारात तेच आवतण दिलं, शेजारच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात.