पाच पांढरे

माझ्या मामाला वर्कशॉपमध्ये सगळे 'मीटर' म्हणायचे. गाडीला रंग मारणारे पुष्कळ असतात. पण ठोकर बसलेलं एकच दार असं रंगवायचं, की जुना रंग कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला ते गाडीच्या मालकालाही सांगता येऊ नये, हे कुणाही सोम्यागोम्याचं काम नव्हे. मामा डब्यात काडी बुडवायचा, एक थेंब डाव्या अंगठ्याच्या नखावर लावायचा, नख गाडीच्या पत्र्याला टेकवायचा आणि म्हणायचा, "पिवळा अजून एक थेंब. काळा पुरे." मग तो रंग बसायचाच. चौतीस वर्षांत त्या नखाचा स्वतःचा रंग आम्ही कुणी पाहिला नाही.

मी दोरे-बटणांच्या दुकानात काम करते. लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका बाईंना त्यांच्या निळ्या कापडाला भलताच निळा दोरा देत होते. मामा योगायोगानं तिथेच उभा होता. त्यानं रीळ माझ्या हातातून काढून घेतलं, मला दंडाला धरून पायरीवर उन्हात नेलं आणि बाईंच्या देखत म्हणाला, "आंधळी आहेस का? रंग उन्हात बघायचा. दिव्याखाली सगळेच गोरे." मी रडले, पण रंग बघायला शिकले ती त्या दिवसापासून. मामा कौतुक कधी करत नसे. चुकलं की 'आंधळी आहेस का', बरोबर आलं की नुसतं 'हं'. त्या एका 'हं'साठी मी वर्षानुवर्षं रिळं निवडली.

मग वर्कशॉपमध्ये यंत्र आलं. पत्र्याला टेकवलं की कुठला रंग किती घालायचा ते आकड्यांत सांगणारं. त्याचे आकडे आणि मामाचे थेंब जुळायचे नाहीत; मामा म्हणायचा, डबी खोटं बोलते. सहा महिन्यांनी मालकांनी मामाला केबिनमध्ये बोलावलं, "खूप केलंत मीटर, आता आराम करा," म्हणाले आणि भिंतीवर लावायचं एक घड्याळ त्याच्या हातात दिलं. मामानं ते घड्याळ खोक्यातून बाहेरही काढलं नाही. यंत्राला शिव्या घालायला मात्र त्याच दिवशी सुरुवात केली. जेवताना, दाढी करताना, रस्त्यात भेटेल त्याच्यापाशी. "चौतीस वर्षांचा डोळा माझा, आणि एका डबीनं गिळला."

पण यंत्रामुळे त्याची नोकरी गेली नव्हती, आणि हे एकट्या मामाला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मला कळलं ते असं. नोकरी सुटायच्या दोन वर्षं आधी मामा दुकानात आला, उशीच्या अभ्र्यांसाठी पांढरा दोरा हवा होता. मी दोन रिळं काढून ठेवली, एक पांढरं आणि एक सायीच्या रंगाचं. मामानं दोन्ही उचलली, दारात उन्हात नेली, फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाला, "दोन्ही सारखीच तर आहेत. दे कुठलंही." मला वाटलं थट्टा करतोय. मी हसले. तो हसला नाही.

मी धावत मामीकडे गेले. मामी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वर्कशॉपातल्या पत्रेवाल्यानं मला मागेच सांगितलंय. पांढऱ्या गाड्या परत येतात. मालक गुपचूप दुसऱ्याकडून रंगवून घेतात. ह्यांना सांगू नका म्हणालेत, मन मोडेल."

"अगं, मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे तरी ने."

"नेते. तूच सांग त्यांना, 'मामा, तुझे डोळे गेलेत.' बघू जीभ उचलते का."

माझी जीभ उचलली नाही. मामीनं आधी एकदा आडून आडून विषय काढला होता, तर दोन दिवस घरात अबोला होता. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. आम्ही गप्प बसलो आणि वर स्वतःला समजूतदार म्हणवून घेतलं.

घरी बसल्यावर चार महिन्यांत मामानं गाडी घेतली. दुसऱ्यांच्या गाड्या नटवण्यात जन्म गेला आणि स्वतः कायम बसनं फिरला, त्याची ही पहिली गाडी. बारा वर्षांची, पांढरी. टप आणि उजवी बाजू धड होती, पण डावीकडची दोन्ही दारं चेपलेली, बॉनेटवर ओरखडे, डिकीला गंज. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "ही घरी रंगवतो. एकटा. आणि नेऊन उभी करतो मालकाच्या दारात. म्हणावं, आण तुझी डबी आणि दाखव कुठे जोड दिसतो ते." त्याला गाडी नको होती, त्याला त्याचा डोळा परत हवा होता.

घरी रंगकाम करणाऱ्यांना त्यानं आयुष्यभर हसून घेतलं होतं. आता त्याच्याच अंगणात प्लॅस्टिकचा तंबू उभा राहिला. वर्कशॉपमध्ये बंद खोली, पंखे, चारी बाजूंनी दिवे. इथे कपडे वाळत घालायच्या दोरीवर ताणलेला प्लॅस्टिकचा कागद आणि भाड्यानं आणलेला कॉम्प्रेसर, तो सुरू झाला की गल्लीतली कुत्री ओरडायची. धूळ उडू नये म्हणून मामा दर तासाला जमिनीवर पाणी मारायचा. मामीला झाडू हातात घ्यायची बंदी होती. शेजारीण गच्चीवर सतरंजी झटकायला लागली तर मामा स्प्रेगन हातात घेऊन तिच्यावर धावून गेला. इतकं करूनही पहिल्या दिवशी बॉनेटच्या ओल्या रंगावर एक चिलट येऊन बसलं आणि तिथेच राहिलं. मामा म्हणाला, "चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं." मग पुन्हा पाण्याचा पॉलिश कागद घेऊन घासायला बसला, चिलट बसलं तेवढंच नाही, सगळं बॉनेट.

पत्रा ठोकणं, पुट्टी भरणं, घासणं, यांत त्याचा हात तसाच होता. बोटांनी चाचपून तो केसाएवढा खड्डा शोधायचा. दारं अशी गुळगुळीत केली, की त्यात तोंड बघावं. पण रंग तो रोज ताजा बनवायचा. "शिळा रंग मी वापरत नाही," हा त्याचा जुना तोरा. त्यामुळे एक दिवस बॉनेट, एक दिवस पुढचं दार, एक दिवस मागचं, एक दिवस डिकी, आणि प्रत्येक दिवशी नवा डबा, नवे थेंब, नखावर नवा ठिपका. पेट्रोलच्या झाकणाच्या आत ऊन लागत नाही, तिथे मूळ रंग तसाच राहतो. मामा झाकण उघडून नख तिथे टेकवायचा, मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "बसला."

शेवटच्या दिवशी त्यानं मला दुकानातून बोलावून घेतलं. टेप, कागद सगळं काढून टाकलेलं, गाडी भर उन्हात उभी. टप होतं तसं पांढरं. बॉनेट साबणाच्या फेसासारखं निळसर. पुढचं दार सायीचं, मागचं त्याहून पिवळं, जुन्या वर्तमानपत्रासारखं. आणि डिकीचा रंग सांगायला माझ्या दुकानात रीळ नाही. एकाच गाडीवर पाच पांढरे. मामी दारात उभी होती आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होती, नको, नको.

"बघ," मामा म्हणाला. "घरात माझ्यानंतर डोळा आहे तो तुला. दुसऱ्या कुणाला विचारणार नाही. कुठे जोड दिसतो?"

मी गाडीभोवती एक फेरी मारली. उगाच वाकून पाहिलं. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगता आलं असतं.

"कुठेच नाही, मामा," मी म्हणाले. "छान झालीय."

"हं," मामा म्हणाला. आयुष्यात ज्या 'हं'साठी मी इतकी झिजले, तो मला असा मिळाला.

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन वर्कशॉपमध्ये गेला. मालक केबिनमधून बाहेर आले, गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "वा मीटर! यंत्राच्या बापाला जमणार नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा पाजला. घरी येऊन मामानं हे तीनदा सांगितलं. मला मालकांचा इतका राग आला, की दातओठ खाल्ले. पण कुठल्या तोंडानं रागवणार? त्यांनी तरी माझ्यापेक्षा वेगळं काय केलं होतं? गल्लीतले लोक तर मामा वळला की तोंडावर रुमाल धरायचे. गाडीचं नाव पडलं 'ठिगळं'.

पुढे काही महिन्यांनी मामा अंगणाच्या पायरीवरून पडला आणि डॉक्टरकडे न्यावंच लागलं. पाय बरा होता. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाले, "दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, चांगला जुना. आधी उजवा काढू, महिन्यानं डावा. आजवर कुणाच्या लक्षात नाही आलं?"

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या सकाळी मी त्याला रिक्षानं घरी आणलं. काळा चष्मा लावलेला. फाटकाशी आल्यावर त्यानं चष्मा काढला, डोळा किलकिला केला आणि तिथेच थांबला.

"माझ्या गाडीला कोणी हात लावला?"

मी फाटकाची कडी काढली.

"मी दवाखान्यात होतो तेव्हा कोणी रंगवली ही? कोण नालायक?" त्याचा आवाज चढला. शेजारी खिडकीत आले. मामा तरातरा गाडीपाशी गेला, पेट्रोलचं झाकण उघडलं, बंद केलं. मग बॉनेटसमोर उभा राहिला आणि त्यानं हळूच उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. मग हात डाव्या डोळ्यावर ठेवला. पुन्हा उजव्यावर. पुन्हा डाव्यावर. असं किती वेळा केलं कोण जाणे. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"मालकांना ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

"हो."

"सगळ्यांना?"

मामी पदर तोंडाला लावून रडायला लागली. मामानं तिच्याकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"तू तर दिवसभर दोऱ्यांत असतेस," तो म्हणाला. "मी तुला विचारलं होतं."

"मामा, तुझं मन मोडेल म्हणून..."

"त्या डबीला मी आईमाईवरून शिव्या दिल्या गं," मामा म्हणाला. "आणि तिथे माझ्याशी खरं बोलणारी ती एकटीच होती."

डाव्या डोळ्याचीही शस्त्रक्रिया झाली. दोन्ही डोळे लख्ख झाले. मी एकदा धीर करून म्हटलं, "मामा, आता नीट दिसतंय तर गाडी पुन्हा रंगव. मी येते पत्रा घासायला." तो वर्तमानपत्र वाचत होता, चष्म्याशिवाय. पान उलटून म्हणाला, "रंगवीन की. पण झाल्यावर दाखवू कोणाला?" तो विषय तिथेच संपला. तो ती गाडी अजून तशीच चालवतो, भर बाजारातून, काचा खाली करून.

भांडण झालं नाही. ते झालं असतं तर बरं होतं. मामा दुकानात येतो, पायरीवर बसतो, पाणी पितो. त्याच्या अंगठ्याचं नख आता स्वच्छ असतं.

परवा मला राहवलं नाही. मी मुद्दाम एक पांढरं रीळ घेतलं आणि एक सायीचं. दहा वर्षांच्या पोरालाही कळेल इतका फरक. दोन्ही त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "मामा, बघ ना, एका गिऱ्हाईकाला द्यायचीत. जुळतात का?" मला फक्त एवढंच हवं होतं, की त्यानं दंडाला धरावं, उन्हात ओढावं आणि चार माणसांत म्हणावं, आंधळी आहेस का.

मामा उठला, रिळं उन्हात नेली, नीट पाहिली. मग परत आणून माझ्यासमोर ठेवली.

"जुळतात की," तो म्हणाला. "छान आहेत." आणि पायरी उतरून गेला.