बाईंचा जुना पत्ता
सरकीचा वास आला की मला राळेगावच्या त्या जिनिंगचं ऑफिस आठवतं. दुपारच्या उन्हात कापसाचे तंतू खिडकीतून तरंगत यायचे आणि कीबोर्डवर अलगद बसायचे. मी तिथले कॉम्प्युटर सांभाळायचो. आमचा ईमेल अर्धा कोपऱ्यातल्या जुन्या सर्व्हरवर, अर्धा इंटरनेटवर होता. टपाल बघणाऱ्या बाईंची फारकत झाली होती आणि ईमेलच्या पत्त्यात त्यांना सासरच्या नावाऐवजी माहेरचं नाव हवं होतं. मी इंटरनेटवरून बदलायला गेलो, तर ते बदलू देईना. बाई म्हणाल्या, "हे नाव मले सोडूनच नाही राह्यलं." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, नावाचं मूळ कोपऱ्यातल्या सर्व्हरवर होतं. तिथं बदललं आणि ते इंटरनेटवर पोचेपर्यंत आम्ही दोघं चहा घेत, उडणारा कापूस बघत बसलो. अर्ध्या तासानं स्क्रीनवर माहेरचं नाव उमटलं. बाईंनी त्यावरून हळूच बोट फिरवलं. मी विचारलं, "जुन्या पत्त्यावर आलेलं टपालही अजून तुम्हालाच मिळेल. की तो पत्ता आता काढून टाकू?" त्या एकदम म्हणाल्या, "नाही नाही, राहू द्या. पोरगी बापापाशी असते. तिले तोच पत्ता पाठ आहे." त्यानंतर मी कितीतरी लोकांची नावं बदलली, पण जुना पत्ता कोणाचाच काढला नाही.