बैलाचं तोंड ईशान्येला होतं

चौलजवळच्या एका वाडीतून शर्यतीचा बैल चोरीला गेला, ती केस अजून माझ्या मनातून जात नाही. खून-दरोडे पाहिलेल्या माणसाने बैलाची आठवण सांगावी, याचं आमच्या घरात हसू होतं. होऊ द्या.

मी तेव्हा किनाऱ्यावरच्या एका छोट्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. भर दुपारी, घरचे लग्नाला गेलेले असताना गोठ्यातून बैल गेला. फिर्याद देताना मालकाला रडू आवरेना. एक बरं होतं, बैलाच्या गळपट्ट्यात त्याने ठावठिकाणा सांगणारं छोटं यंत्र शिवून ठेवलं होतं. ते खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पडीक जमिनीत, बंद पडलं होतं. नकाशातल्या त्या टिंबाला सगळ्यात जवळचा रस्ता शर्यतीतल्या मालकाच्या प्रतिस्पर्ध्याच्या घराकडे जात होता.

त्यातच एका टेम्पोवाल्याने या प्रतिस्पर्ध्याबद्दल खबर दिली, "तो बोलत होता, पुढच्या शर्यतीत हा बैल दिसणार नाही म्हणून." मला आणखी काय हवं होतं? गावच्या नाक्यावरून प्रतिस्पर्ध्याला जीपमध्ये घालून आणलं.

दोन तास चौकशी केली. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. माणूस शांत.

"साहेब, माझी त्याच्याशी शर्यत हाय, वैर न्हाय. तो बैलच ग्येला त मी हरवू कोनाला?"

मला ते बेरकी उत्तर वाटलं. खरं बोलणारा माणूस पुष्कळदा बेरकी वाटतो, हे इतक्या नोकरीनंतरही मला उमगलेलं नव्हतं.

ठाण्यातलं संगणकाचं काम एक महिला शिपाई बघायची. कमी बोलायची, त्यामुळे तिला कुणी फारसं विचारत नसे. ती दारात येऊन म्हणाली, "सर, आपण टिंबाला सगळ्यात जवळचा रस्ता धरला. पण बैल त्या रस्त्याकडे पाठ करून चालला होता."

"कशावरून?"

"यंत्र जागेबरोबर चालण्याची दिशाही पाठवतं. शेवटच्या सगळ्या नोंदी ईशान्येच्या आहेत."

"नंतर वळला असेल."

"मागे खाडीचा फाटा आहे, सर. आपण अंतर बघितलं, पाणी बघितलं नाही."

तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. टिंबापासून बैलाच्या तोंडाच्या दिशेने सरळ रेषा ओढायची, तालुक्यातले कोणते रस्ते तिला छेदतात ते काढायचं आणि त्यातला पहिला घ्यायचा. पाठीमागचे रस्ते कितीही जवळ असोत, मोजायचेच नाहीत. ऐकताना माझे कान तापले, कारण चार ओळींत माझा तपास खोटा पडत होता.

रेषा भिडली ती खाजणापलीकडच्या बांधावरच्या कच्च्या रस्त्याला. तिथल्या कोळंबीच्या तलावावर कॅमेरा होता. त्यात बैल चढवलेला टेम्पो दिसला आणि नंबरही दिसला. टेम्पो खबर देणाऱ्याचाच होता.

त्याला बोलावलं. या वेळी आवाज चढवला नाही. "दुपारी बांधावरून काय भरलंस?"

"माती, साहेब."

मी संगणकाचा पडदा त्याच्याकडे फिरवला. मग त्याने बैल विकत घेणाऱ्या दलालाचं नाव सांगितलं, जागाही सांगितली. दिवस मावळायच्या आत मांडव्याच्या वाटेवरच्या एका शेडमध्ये बैल सापडला, धडधाकट. मालक त्याच्या मानेला मिठी मारून उभा राहिला. मलाही फार बरं वाटलं.

ठाण्यात परतल्यावर प्रतिस्पर्ध्याला म्हटलं, "जा, सुटलास." तो बाकावरून उठला नाही.

"साहेब, मला न्येला त्यो सगल्या नाक्यानं बघितलाय. सुटलो त्यो कोन बघनार? उद्या पोरीला बघायला पावनं येनार हायत."

मी टोपी घातली आणि त्याला जीपमध्ये पुढे, माझ्या शेजारी बसवलं. नाक्यावर संध्याकाळची गर्दी होती. खाली उतरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "यांचा या चोरीशी काही संबंध नाही. यांना नेलं ही माझी चूक. मी यांची माफी मागतो."

गर्दीतून बैलाचा मालकच पुढे आला आणि त्याने प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही तिघांनी तिथेच चहा घेतला. पाहुणे दुसऱ्या दिवशी आले आणि मुलगी पसंत करून गेले.

माणूसही जवळ आहे म्हणून धरू नये, त्याचं तोंड कुठे आहे ते आधी बघावं, हे मी त्या शिपाई पोरीकडून शिकलो. नाक्यावर बोलायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्याआधी जे निर्दोष सुटले, त्या सगळ्यांना मी नुसतं "जा" म्हटलं होतं.