नराच्या पोटातली गाभोळी

आमच्या सासूबाईंचा, काशीबाईंचा, पालघरच्या बाजारात भलता तोरा! पंचेचाळीस वर्षं मासे विकले, पण शिळा मासा कुणाच्या पिशवीत घातला नाही. मी शिरगावात सून म्हणून आले तेव्हापासून त्यांच्या शेजारी बसून बोलणी खाते.

खाडीतल्या बोय माशाची गाभोळी, म्हणजे मादीच्या पोटातली अंड्यांची पिशवी, ही त्यांची खासियत. नुसतं पोट चाचपून नर की मादी ते सांगतात. तीन वर्षांपूर्वी मात्र नराच्या पोटातल्या पांढऱ्या पिशवीतसुद्धा अंड्यांचे पिवळे दाणे निघायला लागले. आम्ही येड्या खूश! देवीची कृपा म्हणत सासूबाईंनी तेही गाभोळी म्हणून विकले.

गेल्या महिन्यात शेजारची रुचिता घरी आली. ती कॉलेजात माशांवर अभ्यास करते. तिने तसली एक पिशवी भिंगाखाली धरून पाहिली. मग समजावलं, की नाल्यागटारांतून खाडीत उतरणाऱ्या पाण्यात औषधांचे, रसायनांचे अंश असतात, आणि त्यातले काही माशाच्या अंगात मादीच्या हार्मोनसारखे वागतात. नर धड नर राहत नाही, पिल्लं कमी होतात. खाणाऱ्याला काय होतं, ते मात्र तिला नक्की सांगता येईना. सासूबाईंचा चेहरा पडला. खाडीत पिल्लं का दिसत नाहीत म्हणून वर्षभर नवस बोलत होत्या बिचाऱ्या.

आता पंचाईत दीपिकाची. आमचं जुनं गिऱ्हाईक, सातवा महिना, आणि डोहाळे नेमके गाभोळीचे. रविवारी देते असा शब्द सासूबाईंनी आधीच देऊन ठेवलेला. म्हणून त्या दिवशी दोन बोय नेले, निदान एक तरी चोख मादी निघेल या आशेने. दीपिका समोर उभी असतानाच कापले. दोन्ही तसलेच.

मी त्यांच्या कानाशी लागले, देऊन टाका, कुणाला कळतंय. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"पोरी, ही गाभोळी नाय. नराचं पोट बिघडलंय, खाडीच्या पाण्यानं," त्या दीपिकाला म्हणाल्या. "तीन वर्सं मी तुला हेच दिलं. मला ठावं नवतं."

 दीपिकाचा एक हात पोटावर, नजर पाटावरच्या माशांवर.  गेली ही, आणि हिच्यामागून हिची अख्खी सोसायटी!

मग तिने पिशवी पुढे केली.

"मावशी, आज मग काय देता?"

माझा जीव भांड्यात पडला. सासूबाईंनी बाहेरच्या समुद्रातली दोन पापलेटं उलटीपालटी करून निवडली, आणि रुचिता येऊन गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या. ते दोन बोय रुचिताच्या अभ्यासासाठी बाजूला ठेवले. मी मात्र मान खाली घालून बर्फ फोडत बसले.