लायब्ररीतला जलसा

माझी मुलगी कविता करते हे कळल्यावर मी आधी घाबरलो. गणितात बरी चाललेली पोर, हे खूळ कुठून आलं? मग आठवलं, कुठून आलं ते. माझे वडील नागपूरच्या गिरणीत होते आणि पाळी सुटली की जलसा करायचे. वस्तीतल्या विहारासमोर सतरंज्या पडायच्या, ढोलकी कडाडायची आणि वडील चळवळीची गाणी स्वतः रचून म्हणायचे. अख्खी वस्ती ऐकायला यायची.

मुलीला कविता शिकवणाऱ्या बाईंचा जन्म जमैकातला. लहानपणी त्या आईबरोबर न्यूयॉर्कला आल्या. तिथल्या शाळेने त्यांची बोली घासूनपुसून स्वच्छ केली आणि मोठेपणी त्यांनी हट्टाने ती परत मिळवली. आता दर शनिवारी त्या न्यू जर्सीतल्या आमच्या पिस्कॅटवे गावच्या लायब्ररीत मुलांना कविता नुसती वाचायला नाही, उभं राहून सादर करायला शिकवतात.

मुलीला आणायला गेलो असताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. उसाच्या मळ्यात राबून मेलेल्या खापरपणजीची कविता होती. खापरपणजीला विकत घेणारे होते आणि ‘तू मूळची कुठली?’ असं नातीच्या नातीला अजून विचारणारं शहरही होतं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी बाई पाय आपटून प्रश्न टाकायच्या आणि मुलं एका आवाजात उत्तर द्यायची. खोलीने उत्तर दिलं नाही तर कविता अर्धीच राहते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बोलीतले निम्मे शब्द मला कळले नाहीत, पण जलसा पुरता कळला. इतकी वर्षं या देशात काढून मला पहिल्यांदा कुणीतरी घरचं भेटलं होतं.

परतताना मुलीला म्हणालो, ‘‘तुझे आजोबा हेच करायचे.’’

‘‘रिअली? ते काय विचारायचे?’’

‘‘पानी कोनाचं? आणि मागचे झीलकरी म्हणायचे, आमचं बी! मग सगळी वस्ती म्हणायची.’’

‘‘व्हाय पाणी?’’

मग आमच्या पणजोबांना विहिरीला हात लावू देत नव्हते, तिथून सुरुवात करावी लागली. घर येईपर्यंत पोरीने ती विहीर कुठली, कुणाची, सगळं फोनमध्ये टिपून घेतलं. आमच्या घरात असं सहसा घडत नाही.

महिन्याभराने मुलांचा कार्यक्रम ठरला. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, आजोबांची लाइन मी घेतेय. आणि आपण दलित आहोत हे पण पोएममध्ये आहे. ओके ना?’’

मी ओके म्हणालो, पण कार्यक्रमाला कोण कोण येणार ते विचारून घेतलं. कारण त्याच वर्गात आमच्या मॅनेजरची मुलगी होती. मॅनेजर पुण्याचे, बोलायला गोड. माझ्या ग्रीन कार्डची फाइल कंपनीमार्फत चाललेली, आणि मला ठेवायचं की नाही हे त्यांच्या हातात. मराठी मंडळाच्या दर पॉटलक जेवणाला ते विचारायचे, ‘‘नागपुरात नेमके कुठले तुम्ही? कुळदैवत कोणतं तुमचं?’’ माणसाला कुळदैवत विचारलं की त्याची जात विचारावी लागत नाही, ही आपल्याकडची जुनी सोय. मी हसायचो आणि आणखी पुलाव घ्यायला उठायचो. नोकरी गेली तर महिन्या-दोन महिन्यांत बाडबिस्तरा आवरायचा, हे ज्याला ठाऊक आहे त्याला असा पुलाव फार खावा लागतो.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. मॅनेजर पुढच्याच रांगेत, बाजूला मंडळातली आणखी दोन कुटुंबं. मुलगी उभी राहिली. चप्पल काढून ठेवली, का ते तिलाच ठाऊक. कविता इंग्रजीत होती. विहीर, गिरणी, आजोबांचा बसलेला आवाज, ‘यू आर सो आर्टिक्युलेट’ असं आश्चर्याने म्हणणारी शाळेतली काउन्सेलर, आणि गोऱ्या मैत्रिणींसमोर ‘इंडियन’, इंडियन मैत्रिणींसमोर निव्वळ सावध अशी ती स्वतः. ‘दलित’ हा शब्द तिने असा उच्चारला की जणू स्वतःचं नाव सांगतेय. माझी छाती फुगली आणि नजर मॅनेजरच्या पाठीवर गेली, दोन्ही एकाच वेळी.

मग तिने पाय आपटला. ‘‘पानी कोनाचं?’’

हॉल शांत. निम्म्यांना मराठी येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं ते बुटांकडे बघत होते. बाईंनी मला नजरेने शोधून काढलं. त्यांना शब्द कळला नव्हता, पण उत्तर राहिलंय हे बरोबर कळलं होतं. मुलीने पुन्हा पाय आपटला.

‘‘पानी कोनाचं?’’

मी उभा राहिलो. ‘‘आमचं बी!’’

आवाज माझ्या वडिलांचा निघाला, गिरणीच्या भोंग्यावर मात करणारा. मॅनेजर वळले. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. मुलीने पुन्हा विचारलं, तेव्हा बाईही माझ्या पाठोपाठ म्हणाल्या, उच्चार पार वाकडातिकडा, आणि त्यांच्यामागून मुलं. त्यानंतर तर हॉलच पेटला. आमचं बी, आमचं बी! न्यू जर्सीत, जवळजवळ नागपुरी हेलात. इतका अभिमान मला माझ्या डिग्रीचाही कधी वाटला नव्हता.

सोमवारी ऑफिसात काय होईल ते होईल, असं म्हणत मी गाडी काढली. मुलगी शेजारी बसून चपलेचा पट्टा लावत होती.

‘‘बाबा, प्रश्नाचं उत्तर पण मीच देणार होते. मी तशी प्रॅक्टिस केली होती. मला वाटलं, तू बोलणार नाहीस.’’

‘‘मलाही तसंच वाटलं होतं,’’ मी म्हणालो.