मामा, वजनकाटा आणि जावईबापू

मामाला मोठा आजार झालाय आणि घरचे लपवताहेत, अशी बातमी आमच्या इमारतीत पसरली होती. खालच्या मजल्यावरच्या काकू आवाज इतका खाली आणायच्या की कान त्यांच्या तोंडाला लावावा लागायचा. "खरं सांग हं, डॉक्टर किती दिवस म्हणालेत?"

आजार-बिजार काही नव्हता. मामा उपाशी होता.

मामा बावीस वर्षं आगीच्या बंबावर आहे. दरवर्षी त्यांची परीक्षा होते, आधी वजनकाटा, मग जावईबापू. जावईबापू म्हणजे वाळू भरलेला सत्तर किलोचा बाहुला. त्याला खांद्यावर घेऊन तीन मजले चढायचे आणि कुठेही धक्का लागू द्यायचा नाही, म्हणून हे नाव. मागच्या परीक्षेत मामा अकरा किलो जास्त भरला. साहेब नाकातून म्हणाले, "सहा महिने देतो. उतरवा, नाहीतर बंब विसरा आणि फोनवर बसा."

फोनवर बसायचं म्हणजे आगीचा पत्ता लिहून घ्यायचा आणि दुसऱ्यांना पाठवायचं. मामाने जेवणच सोडलं. बंबावरच्या सगळ्यांची हीच रीत. काकडी, काळी कॉफी आणि रबरी कोट घालून मैदानाला फेऱ्या. काट्याच्या आदल्या दिवशी पाणीही बंद. चार महिन्यांत तेरा किलो गेले. मामी कौतुकाने त्याच्या पँटी आवळत बसली.

मग सरावात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जावईबापू मामाच्या खांद्यावरून निसटले आणि तोंडावर आपटले. कुणी हसलं नाही. घरी येऊन मामा म्हणाला, "माणूस असता तर?"

तिसऱ्या दिवशी मी त्याला व्यायामशाळेतल्या ताईकडे नेलं. ती शब्द तोडून तोडून बोलते.

"खाता काय?"

"काकडी."

"आणि?"

"अजून एक काकडी."

"दादा, चरबीबरोबर मांसही गेलंय. काट्याला दोन्ही सारखंच. जिन्याला नाही."

तिने दर जेवणात अंडी, डाळ किंवा दही खायला लावलं, आणि आठवड्यातून चार दिवस वजनं उचलायला, दर आठवड्याला थोडी वाढवून. मामाचे खांदे भरले, पण काटाही वर सरकायला लागला. मामीने ते पाहिलं.

"पुन्हा फुगताय तुम्ही."

"मांस आहे गं ते."

"मग साहेबांना सांगा, वेगळं काढून मोजा म्हणावं."

परीक्षेच्या आदल्या दिवशी घरच्या काट्यावर मामा मर्यादेच्या जेमतेम आत होता. चेहरा मात्र नापास झाल्यासारखा. मी त्याला डिवचलं, "आता रबरी कोट घालणार तू, पाणीही सोडणार. लाव पैज."

"हरलीस तर?"

"महिनाभर तुझ्याबरोबर बैठका."

"लागली."

दुसऱ्या दिवशी घरच्यांना कुंपणाबाहेर उभं राहू देतात, तिथून मी पाहिलं. काट्यावर चढण्याआधी मामाने बाटली तोंडाला लावली आणि रिकामी करूनच खाली ठेवली. पाव किलो जास्त भरला.

साहेब म्हणाले, "पाणी आत्ताच प्यायला हवं होतं?"

"मग जिना कशाच्या जोरावर चढू, साहेब?"

तो चढला. तीन मजले, एकदाही न थांबता. वर जावईबापूंना निजवून त्यांची मान सरळ केली. साहेबांनी कागदावर वजनाचा आकडा लिहिला. "नियम तो नियम. तीन महिने फोन. मग पुन्हा या."

मामा आता पत्ते लिहून घेतो. बंब सुटला की खिडकीशी जाऊन उभा राहतो, असं त्याचे सोबती सांगतात. घरी तो विषय कुणी काढत नाही. पैज मी हरले. आज सकाळी सतराव्या बैठकीला माझे गुडघे आत वळले, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "गुडघे बाहेर."