म्हशींची साक्ष
दादा माझा सख्खा थोरला भाऊ. पण आमच्या दोघांच्या रानांमधल्या बांधावरून आम्ही शिरूरच्या कोर्टात भांडत होतो. एकाच एसटीनं जायचो आणि एकमेकांकडं बघायचोही नाही.

न्यायाधीश नोकरीत म्हातारे झालेले, जिभेचे तिखट. एकदा त्यांनी दादाला विचारलं, "त्या बांधावर उगवतं काय?"

"गवत, साहेब."

"खातं कोण?"

"दोघांच्याबी म्हशी."

"मग पुढच्या तारखेला म्हशींनाच आणा. तुमच्यापेक्षा समजूतदार दिसतात."

सगळं कोर्ट हसलं. हसता हसता दादा सवयीनं माझ्याकडं वळला आणि मलाही हसू फुटलं. बाहेर आल्यावर पुन्हा तोंडं फिरली. पण पुढं दर तारखेला साहेब असंच काहीतरी बोलायचे आणि तेवढ्यापुरते आम्ही भाऊ व्हायचो.

निकालाच्या दिवशी मात्र ते कुणाला हसवायच्या भानगडीत पडले नाहीत. निकाल वाचला आणि उठून आत गेले. बांध मला मिळाला.

साहेब आता रिटायर झालेत. काय जाळायचाय तो बांध! त्याच्यावर अजून दोघांच्या म्हशी चरतात आणि पलीकडं दादा माझ्याकडं पाठ करून उभा असतो. हाक मारायची माझ्यात धमक नाही, आणि तारीख तर आता पडतच नाही.